फ्लॅटच्या टेरेसवर बसायची जागा करताय? आधी पाणी, मग ऊन, मग खुर्च्या

फ्लॅट बघायला जातो तेव्हा टेरेसचा दरवाजा उघडला की सगळ्यांच्या मनात तेच येतं, इथं झोपाळा टाकू, संध्याकाळी चहा घेऊन बसू, कोपऱ्यात मोगरा लावू. आणि ताबा मिळाल्यावर वर्षभरात त्याच टेरेसवर कपड्यांचा स्टँड, वॉशिंग मशीनचा रिकामा खोका आणि मुलांची लहान झालेली सायकल असते, कारण दुपारी पाय भाजतात, पावसात शेवाळं धरतं आणि संध्याकाळी डास बसू देत नाहीत. जागा चांगली असते हो, फक्त काम उलट्या क्रमाने झालेलं असतं. लोक पहिल्यांदा खुर्च्या घेतात, मग कुंड्या, मग लाईटच्या माळा, आणि पाण्याचा निचरा बघायची वेळ येते ती खालच्या फ्लॅटवाल्या काकू छताला ओल आल्याचं सांगायला वर आल्यावर.

आम्ही पुण्यात आमच्या टेरेसचं काम करून घेतलं आणि त्यानंतर नात्यातल्या, बिल्डिंगमधल्या बऱ्याच जणांच्या कामात हात घातला. त्यातनं जे कळलं ते क्रमाने लिहितेय, क्रम मात्र बदलू नका.

आधी हे जमवून ठेवा

कागद:
- रजिस्टर केलेल्या अग्रीमेंटची कॉपी आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा)
- मंजूर नकाशातला तुमच्या मजल्याचा प्लॅन
- सोसायटीचं ना हरकत पत्र
- जड काही ठेवायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र
- काम सुरू व्हायच्या आधी काढलेले खालच्या फ्लॅटच्या छताचे फोटो, तारखेसकट
- काम झाल्यावर वॉटरप्रूफिंगवाल्याकडून लेटरहेडवर गॅरंटी

हाताशी: मेझरिंग टेप, खडू, मिस्त्रीची पाणी भरलेली लेव्हलची नळी आणि मोबाइलमधलं होकायंत्र. बस, सुरुवातीला एवढंच.

१. टेरेस नक्की कुणाची ते कागदावर बघा

फ्लॅटला लागून असलेली, फक्त तुमच्याच घरातून जिथं जाता येतं ती टेरेस वेगळी आणि बिल्डिंगच्या डोक्यावरची सामाईक गच्ची वेगळी. २०१६ च्या रेरा कायद्यात कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे त्यात उघडी टेरेस धरत नाहीत, त्यामुळे अग्रीमेंटमध्ये ती स्वतंत्र ओळीत लिहिलेली असते, ती ओळ शोधा. तिथं नुसतं तोंडी "वरची गच्ची तुम्हीच वापरा" असं असेल तर तिच्यावर पैसे घालू नका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने जरी हरकत घेतली तरी सगळं उचलावं लागतं.

दुसरा मोठा सापळा म्हणजे छप्पर. लोखंडी अँगल आणि पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट टाकून टेरेस कायमची झाकली की ते बांधकाम धरलं जातं, परवानगी नसेल तर एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली महापालिकेची नोटीस येऊ शकते. फॅब्रिकेटर तुम्हाला सांगेल की मॅडम सगळेच करतात. सगळे करत असतील, नोटीस फॅब्रिकेटरच्या नावाने येत नाही. काढता-घालता येणारी जाळी, चिक म्हणजे बांबूचे पडदे, छत्री यात हा प्रश्न सहसा येत नाही, तरी सोसायटीचे स्वतःचे नियम असतात, बाहेरून बिल्डिंग एकसारखी दिसावी म्हणून रंगसुद्धा ठरवून दिलेले असतात, तेव्हा एक अर्ज करून टाका आणि पोच घ्या.

२. वजनाचा हिशोब

लोकांची जायची वाट असलेली सपाट गच्ची भारतीय मानकानुसार साधारण चौरस मीटरला दीडशे किलो वापराचं वजन धरून डिझाइन करतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलोच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा. बारा इंची कुंडी साध्या मातीने भरून पाणी दिलं की २५ किलोच्या पुढे जाते. अशा थोड्या कुंड्या भिंतीलगत, बीमवर असतील तर घाबरायचं कारण नाही, पण विटांचे वाफे बांधून दीड फूट माती भरायची असेल तर ओली माती चौरस फुटाला ७० किलोच्या घरात जाते आणि ते सगळं कुणाच्या तरी बेडरूमच्या छतावर. वाफे, पाण्याचं छोटं तळं, दगडी बेंच असलं काही मनात असेल तर इंजिनिअरला घरी बोलवून लेखी घ्याच. नुसत्या कुंड्याच असतील तर कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण वापरा, वजन निम्म्याच्या जवळ येतं आणि झाडंही खूश असतात.

३. पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. पैसे कमी असतील तर बाकी सगळं पुढच्या वर्षावर ढकला पण हे करा.

पहिल्यांदा उतार बघायचा. टेरेसवर बादलीने पाणी ओता आणि अर्ध्या तासाने येऊन बघा, जिथं डबकं उरलंय त्याच्याभोवती खडूने रेघ मारा. उन्हात डबकं आक्रसत जातं तशी परत परत रेघ मारत जा, शेवटची सगळ्यात आतली रेघ म्हणजे सगळ्यात खोल जागा. त्या खडूच्या वर्तुळांचा फोटो काढून ठेवा, मिस्त्रीशी बोलताना त्या फोटोइतकं काही उपयोगी पडत नाही, "इथं जरा पाणी थांबतं" एवढं सांगितलं की तो "होईल होईल" म्हणतो आणि वरवर सिमेंट फिरवून जातो. उतार दहा फुटाला साधारण सव्वा इंच तरी हवा आणि तो आउटलेटकडेच हवा, दाराकडे नाही.

मग तुंबवून बघायचं. आउटलेटमध्ये फडकं कोंबून बाहेरून सिमेंट-वाळूची छोटी पाळ घालायची, दोन इंच पाणी भरायचं (दाराच्या उंबऱ्याच्या खालीच राहील इतकंच), दोन-तीन दिवस ठेवायचं आणि रोज खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघायचं, विशेषतः पाईपभोवती आणि भिंतीच्या कोपऱ्यात. खालच्यांना आधी सांगून ठेवा, उगाच त्यांच्या फॉल्स सीलिंगमध्ये पाणी उतरलं तर तुमची मैत्री संपेल. ही टेस्ट काम सुरू करायच्या आधी एकदा आणि वॉटरप्रूफिंग झाल्यावर, फरशी बसवायच्या आधी परत एकदा. दुसरी टेस्ट कॉन्ट्रॅक्टर टाळतो कारण त्यात त्याचे दिवस जातात, ती झाल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही असं कोटेशनवरच लिहून घ्या.

वॉटरप्रूफिंग कुठलं? आपल्याकडे जुनी पद्धत म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक म्हणजे फुटक्या टाइलचे तुकडे, नीट केलं तर खूप वर्षं जातं, पण वजन वाढतं आणि जाडी वाढते. हल्ली कोटिंगवाली पद्धत हलकी आहे पण तिचा जीव पृष्ठभाग तयार करण्यात आहे, धूळ न झाडता, भेगा न भरता नुसते दोन हात मारले तर दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. पद्धत कुठलीही घ्या, तीन ठिकाणं स्वतः उभं राहून करून घ्या: भिंत आणि जमीन मिळते तिथली गोलाई, आउटलेटच्या पाईपभोवतीची फट, आणि भिंतीवर किमान फूटभर वर चढवलेला थर.

उंबऱ्याचं सांगायचं राहिलं. जुन्यावर नवा कोबा, त्यावर फरशी असं करत गेलं की टेरेस वर येत जाते आणि एक दिवस ती हॉलच्या बरोबरीला येते, मग जुलैमध्ये आउटलेटमध्ये पाला अडकला की पाणी सरळ सोफ्याखाली. सगळं काम झाल्यावर उंबरा टेरेसपेक्षा तीन-चार इंच तरी वर राहिला पाहिजे. राहत नसेल तर जुना थर फोडा, त्याला पर्याय नाही.

४. ऊन कुठून येतं ते बसून बघा

वॉटरप्रूफिंग वाळेपर्यंत नाहीतरी काही करता येत नाही, तेव्हा एक प्लॅस्टिकची खुर्ची घ्या आणि सकाळी आठला, दुपारी बाराला, चारला आणि साडेसहाला जाऊन बसा. सावलीच्या कडेला खडूने रेघ आणि शेजारी वेळ लिहा. होकायंत्राने दिशा बघून घ्या, बिल्डरच्या ब्रोशरमधल्या बाणावर विश्वास नको.

आपल्याकडचं ऊन पुस्तकातल्या चित्रासारखं नसतं. पुण्यात १३ मेच्या आसपास आणि परत जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, तोच शून्य सावलीचा दिवस. त्या काळात भिंतीची सावली दुपारी मिळतच नाही, म्हणजे एप्रिल-मेसाठी वरून आडोसा लागतोच. डिसेंबरात मात्र दुपारी बारालासुद्धा सूर्य दक्षिणेला बराच कललेला असतो, दहा फुटी भिंतीची सावली नऊएक फूट पडते. आणि हेच थंडीतलं दक्षिणेचं ऊन सगळ्यात हवंहवंसं असतं, पाठीवर घेऊन शेंगा सोलत बसावं असं. म्हणून दक्षिण बाजू कायमची बंद करू नका.

खरा त्रास पश्चिमेचा. चारनंतर ऊन आडवं येतं, डोळ्यात जातं, वरची जाळी तिथं काही कामाची नाही. पश्चिमेला उभा पडदाच लागतो.

५. सावली करा, काढता येईल अशी

वरसाठी शेडनेट. ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशी मिळते. खाली फुलझाडं ठेवायची असतील तर ५०, नुसतं बसायचं असेल तर ७५. हिरवी जाळी स्वस्त आणि सगळीकडे मिळते पण तिच्याखाली माणसाचा चेहरा, जेवणाचं ताट सगळं हिरवट दिसतं, बसायच्या जागेसाठी पांढरी किंवा मातकट रंगाची शोधा. यूव्ही वाली आहे ना विचारून घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो.

बांधायची कशी? स्लॅबला भोक पाडून नाही! परत सांगते, वॉटरप्रूफिंग झालेल्या जमिनीत ड्रिल लावू द्यायचं नाही, फॅब्रिकेटर कितीही म्हणू दे. एका बाजूला घराच्या भिंतीत हुक (भिंतीत, उंचावर) आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या डब्यात काँक्रीट भरून त्यात उभे केलेले जीआय पाईप, ते कोपऱ्यात, बीमच्या वर ठेवायचे आणि कठड्याला क्लॅम्पने धरायचे. जाळीला एका बाजूला उतार द्या आणि दोरी अशी बांधा की एकट्या माणसाला पाच मिनिटांत सोडता येईल, कारण वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो तो बांधलेली जाळी शिडासारखी फुगवतो आणि पाईपासकट ओढतो. मेमध्ये दुपारी आभाळ भरून आलं की जाळी सोडायची ही घरातल्या प्रत्येकाला सवय हवी.

पश्चिमेला बांबूचे चिक लावा, वरखाली गुंडाळता येतात, हवा खेळती राहते. पुण्यात असाल तर बुरूड आळीत जा, मापाने करून देतात, तिथंच तट्टेही मिळतात. बांबूला भुंगा लागतो, बारीक पिवळी भुकटी पडायला लागली की समजायचं, म्हणून घेतानाच बोरॅक्सची प्रक्रिया केलेला मागा आणि पावसाळ्याआधी एक हात वॉर्निशचा. किंवा वेल सोडा, मधुमालती पश्चिमेचं ऊन मजेत सोसते आणि दोन वर्षांत जाळी भरते.

६. पायाखाली

यात फार गुंतू नका. पांढरा चायना मोझॅक सगळ्यात थंड राहतो आणि पायही घसरत नाही. काळपट शहाबादी दिसते सुरेख पण मेमध्ये अनवाणी चालून दाखवा. गुळगुळीत ग्लेझ्ड टाइल नकोच, पहिल्या पावसात कुणीतरी पडतं. आणि ते प्लॅस्टिकचं हिरवं गवत, कृपा करून नको, उन्हात चटके बसतात, पावसात खाली पाणी धरून ठेवतं आणि वास मारतं. मऊ काही हवंच असेल तर प्लॅस्टिकच्या विणलेल्या चटया घ्या, झटकल्या, वाळवल्या, गुंडाळून ठेवल्या.

७. बसायची जागा

एक प्रश्न घरात सगळ्यांना विचारा: इथं नक्की काय करणार? आजी सकाळी ऊन खात बसणार, की आठ-दहा जण रात्री जेवायला बसणार, की कुणी एकटं लॅपटॉप घेऊन बसणार. तिन्हीसाठी जागा वेगळी लागते. चार जणांचं टेबल आणि मागे खुर्ची सरकवायला जागा धरून आठ बाय आठ फूट जातात, आणि चालायला अडीच फुटांची वाट सोडलीच पाहिजे. खरेदीच्या आधी खडूने जमिनीवर टेबल-खुर्च्या काढा आणि त्यातून चहाचा ट्रे घेऊन चालून बघा. दार पूर्ण उघडतंय का तेही.

आरामाचं म्हणाल तर बसायची उंची १६ ते १८ इंच, आणि पाठीला टेकायला काहीतरी हवंच. फोटोत छान दिसणाऱ्या बुटक्या बैठका आणि जमिनीवरच्या गाद्या साठीच्या पुढच्या माणसाला दोनदा विचार करायला लावतात, बसेल पण उठणार कसा? माझं मत विचाराल तर नायलॉनच्या दोरीने विणलेली बाज घ्या. हलकी, उचलून सावलीत नेता येते, दुपारी आडवं होता येतं, पावसात भिजली तरी दोरीचं काही बिघडत नाही, पाहुणे आले की चार जण बसतात. पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी भरतो तो, जुन्या लोखंडी खुर्च्या आणि बिडाचे बेंचचे पाय मिळतात, घासून रेड ऑक्साइड मारून वर ऑइलपेंट दिला की नवीनपेक्षा जास्त टिकतात. खरा वेत बाहेर उघड्यावर टिकत नाही, कितीही आवडला तरी.

झोपाळा सगळ्यांनाच हवा असतो. डोक्यावरच्या स्लॅबला आधीपासून कड्या नसतील तर नव्याने हुक मारून टांगू नका, झोपाळ्याचा झटका सतत एकाच ठिकाणी बसतो. स्टँडवाला घ्या, पायांखाली रबर लावा.

आता हे नीट वाचा, घरात लहान मुलं असतील तर दोनदा. कठड्याला लागून कट्टा बांधायची फार हौस असते. कठडा साडेतीन फूट आणि कट्टा दीड फूट असेल तर कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला कठडा फक्त दोन फूट उरतो. कट्टा घराच्या भिंतीला लागून करा. कठड्याजवळ बाज, स्टूल, मोठी कुंडी, चढता येईल असं काहीही ठेवायचं नाही, किंवा मग कठड्यावर उभ्या गजांचं रेलिंग वाढवून घ्या, आडव्या गजांचं नको, त्याची शिडी होते.

८. झाडं

बसायच्या जागेजवळ वासाची झाडं, मोगरा, जाई, अनंत, आणि हाताला येतील अशी कामाची, तुळस, गवती चहा, पुदिना, कढीपत्ता. कडक उन्हाच्या कोपऱ्यात बोगनवेल, पण वाटेपासून लांब, काटे असतात. कण्हेर दिसते छान पण विषारी आहे, रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर आणू नका. पुण्याहून सोलापूर रस्त्याला मांजरी ते उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, एक दिवस काढून जा, पण पहिल्या फेरीत थोडीच झाडं घ्या, तुमच्या टेरेसचा वारा त्यांना सोसतोय का बघा, उंच मजल्यावर उन्हापेक्षा वाऱ्यानेच पानं जास्त करपतात.

कुंड्या विटांच्या तुकड्यांवर किंवा स्टँडवर ठेवा, खाली हवा जाऊ दे, थेट जमिनीवर ठेवली की तिथं ओल धरते आणि गोल डाग कायमचा.

कठड्याच्या भेगेत, पाईपच्या मागे पिंपळाचं किंवा वडाचं रोप उगवलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं. वरून खुडून उपयोग नाही, खालून परत फुटतं आणि दर वेळी मूळ जाड होत जातं. बोटभर असताना भेग ओली करून, स्क्रू ड्रायव्हरने बाजूचं सैल करून मुळासकट हळूच ओढायचं, आणि भेग लगेच भरून टाकायची. काही घरात त्याला हात लावायला नको म्हणतात, तर मग मुळासकट काढून मोकळ्या जागेत नेऊन लावा, पण भिंतीत ठेवू नका.

९. दिवे आणि वायर

इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी सांगा. वायर कंड्युटमधूनच, उघडी लोंबकळणारी नाही. बाहेरचे दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे, आणि सॉकेट झाकणवाला. आणि टेरेसच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या वेळी लाईन तोडणारा स्विच, हा खर्च वाचवायचा नाही, ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून आपण स्विच लावणार आहोत. उजेड पिवळसर घ्या, ३००० केल्विन किंवा त्याच्या खाली, आणि डोक्यावर एक मोठा पांढरा बल्ब लावण्यापेक्षा भिंतीवर खालच्या बाजूला दोन-तीन छोटे. सोलरच्या माळा पावसाळ्यात जेमतेम पेटतात हे धरून चाला. पुण्यात तपकीर गल्लीत सगळं एका ठिकाणी मिळतं.

१०. डास आणि पावसाळ्याआधीची कामं

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि कुंडीखालच्या ताटल्या, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, कोपऱ्यातली बादली सगळं उपडं करून घासून कोरडं करा, नुसतं ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटलेली असतात. कमळाचा टब असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

काम करून घ्यायचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये मिस्त्री मिळत नाहीत कारण सगळ्यांनाच तेव्हा गळती आठवते, आणि कडक उन्हात सिमेंटला भेगाही लवकर पडतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात जाळी उतरवून धुऊन ठेवा, चिक गुंडाळून बांधा, गाद्या-उशा घरात, लोखंडावर कुठं गंज आला असेल तर घासून रंग, आउटलेटवर घुमटाकार जाळी बसवा, सपाट जाळी एका पानाने बंद होते. पावसाळाभर मोठ्या पावसानंतर आउटलेटवरचा पाला हाताने काढायचा, आणि गावाला जाणार असाल तर चावी शेजारी देऊन त्यांना हे काम सांगून जा.